जिंकण्याची तरतूद

दवाखान्यातल्या नर्सबाई सकाळी सकाळी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आदल्या दिवशी नेलेला पाव त्यांनी परत पुढे केला.

"रागावू नका हं," त्या म्हणाल्या, "पण वॉर्डातल्या एका पेशंटनं विचारलं, हा पाव भट्टीतून आणलाय की बसच्या डेपोतून? जरा वास घेऊन बघा."

बायकोनं वास घेतला. मग तिनं तो पाव नवऱ्याच्या नाकाखाली धरला. त्याला हुंगायचीही गरज नव्हती. गिअर ऑइलचा वास ज्याच्या अंगाला जन्मभर येतो, त्याला तो पावात ओळखायला कितीसा वेळ लागणार? नर्सबाईंना पैसे परत मिळाले, वर चार बिस्किटं मिळाली, आणि दार लागलं.

"ओव्हनमध्ये काय ठेवलं होतंत?"

"गिअरबॉक्सचं कवच. नुसतं तापवायला गं. धुऊन ठेवलं होतं."

"आणि फ्रीजरमध्ये लोण्याच्या शेजारी पिशवीत काय आहे?"

"बेअरिंग. ते थंडीनं आकसतं आणि कवच उष्णतेनं फुगतं. मग दोन्ही एकमेकांत अलगद बसतात, ठोकाठोकी करावी लागत नाही. शास्त्रच आहे ते."

"हो ना? मग नर्सबाईंना समजावून सांगायचं होतंत शास्त्र. गप्प का उभे राहिलात?"

नवरा डेपोच्या वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्स उघडायचा आणि बंद करायचा, हेच त्याचं आयुष्य. पण घराला लागून असलेल्या गॅरेजात त्याची स्वतःची गाडी होती: पत्रे ठोकून सरळ केलेली, आतून सगळं काढून टाकलेली, मातीच्या गोल ट्रॅकवर पळवायची. या गाडीतून वजन कमी करण्याचा त्याला असा काही नाद लागला होता की सारे त्याला ग्रॅमभाऊ म्हणत. बायकोच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा कायम गॅरेजात सापडे, आणि त्यावर मैद्याऐवजी बोल्ट असत. दारांची हँडलं गेली, काचा गेल्या, मागची सीट तर कधीचीच गेली. एकदा त्यानं रंग खरवडून काढला आणि त्या चिमूटभर रंगाचं वजन करून तो दिवसभर खुशीत होता. इतकं करून गाडी यायची नववी. फार तर आठवी. एकदा सातवी आली, कारण बाकीच्या पोचल्याच नाहीत.

आणि बायकोचं काय होतं, तेही ऐका. ती घरून पाव, केक, बिस्किटं करून विकायची. हाताला चव होती, गिऱ्हाईक वाढत होतं, जागा मात्र तसूभरही वाढत नव्हती. पिठाचे ट्रे पलंगावर, साचे कपाटात, मळलेलं पीठ फुगायला ठेवायचं ते ग्रॅमभाऊच्या उशीशेजारी, कारण तेवढाच कोपरा उबदार. पहाटे उठून ती स्वयंपाकघरात अशी उभी राहायची की वळायचं झालं तरी आधी विचार करावा लागे. कमरेचं दुखणं तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. ओट्याला टेकून ती क्षणभर डोळे मिटायची, तेवढंच. आणि भिंतीपलीकडे, चांगली ऐसपैस, कोरडी, हवेशीर खोली अडवून ती नववी येणारी गाडी उभी होती.

त्या दिवशी पाव परत आला आणि तिचा बांध फुटला. आवाज चढवला असता तर परवडलं असतं. ती अगदी हळू बोलली.

"या रविवारी हंगामातली शेवटची शर्यत आहे ना? तुम्ही लग्न झाल्यापासून सांगताय, आज ना उद्या पहिला येईन. तर मग या रविवारी या. आलात तर पुढचं वर्षभर मी गॅरेजचं नावही काढणार नाही. नाही आलात तर गाडी विकायची आणि तिथे माझी भट्टी. कबूल?"

ग्रॅमभाऊनं पावाकडे पाहिलं. तिच्याकडे पाहायची हिंमत नव्हती. "कबूल," तो म्हणाला. घरात त्यानंतर जी शांतता पसरली, ती रविवारपर्यंत हलली नाही. दोघं जेवायची, झोपायची, मीठ मागायची, बस्स.

आता आठवड्याभरात नववी गाडी पहिली कशी आणायची? इंजिनाला हात लावायची नियमानं बंदी होती. राहता राहिला गिअरबॉक्स. ग्रॅमभाऊ कामाला लागला. मातीच्या ट्रॅकवर मागे कोण जातो? म्हणून रिव्हर्स गिअर काढून टाकला. एकदा वेग धरला की वरचे दोनच गिअर लागतात, म्हणून बाकीचेही काढले. उरले त्यांना भोकं पाडली. जड लोखंडी कवच जाऊन हलकं अॅल्युमिनियमचं आलं, तेच ते पाव नासवणारं. वजन संपलं, मग त्यानं ओढ कमी करायला घेतली. इंजिनाची अर्धी ताकद चाकापर्यंत पोचायच्या आत गिअरबॉक्सच गिळतो, असं त्याचं म्हणणं होतं. जाड तेल काढून पाण्यासारखं पातळ तेल घातलं, तेही निम्मं. जिथे जिथे रबर घासत होतं तिथलं रबर काढलं. शेवटी शाफ्टला एका बोटानं टिचकी मारली की तो फिरतच राही, आणि ग्रॅमभाऊ पाळण्यातल्या लेकराकडे पाहावं तसा त्याच्याकडे पाहत बसे.

गाडी चालवायची ती मेहुण्यानं. ग्रॅमभाऊची मान धरलेली असायची, म्हणून ही कामगिरी बायकोच्या धाकट्या भावाकडे आली होती. हा पतपेढीत कारकून, देहानं भरभक्कम, स्वभावानं रडका. कुठल्याही गोष्टीतून वाईट तेवढं आधी वेचून काढायचं, हा त्याचा हातखंडा.

"भावोजी, हे टिकेल ना?" त्यानं गिअरबॉक्सकडे बघत विचारलं.

"किती टिकायला हवं ते सांग. सरावाची एक फेरी, शर्यतीच्या वीस आणि तिथून ट्रेलरपर्यंत. तेवढं टिकेल."

"आणि त्याहून एखादी फेरी जास्त झाली तर?"

"तर मी एवढा आठवडा काय केलं? एक फेरी जास्त टिकला, म्हणजे तेवढं वजन उगाच ठेवलं असं होईल."

मेहुण्यानं सुस्कारा सोडला. मग ग्रॅमभाऊनं त्याच्या खिशातलं पाकीट, किल्ल्या, बोटातली अंगठी आणि कमरेचा पट्टा काढून घेतला. घड्याळही घेतलं.

"मिशीचं राहू द्या," मेहुणा म्हणाला, "ती मी ठेवणार."

"मिशीनं काय होतंय? तुझ्या पोटात अख्खा गिअरबॉक्स मावेल. मी इकडे ग्रॅम ग्रॅम खरवडतोय आणि तू दर आठवड्याला वाढतोयस."

"ताईचे पाव असतात ना," मेहुणा पडेल आवाजात म्हणाला. "परत आलेले कोणीतरी संपवायला हवेत."

रविवारी आभाळ कुंद होतं. ट्रॅकवर माणसं नेहमीपेक्षा कमी होती आणि होती तीही कंटाळलेली. बायको आली नव्हती. ती कधीच येत नसे. ग्रॅमभाऊ कठड्याला छाती टेकून उभा राहिला. गाडी गेली तर रोज संध्याकाळी डेपोतून येऊन करायचं काय, हा प्रश्न त्यानं आठवडाभर स्वतःला विचारला होता आणि उत्तर आलं नव्हतं.

शर्यत सुटली आणि पहिल्या वळणावरच त्याला कळलं की काहीतरी निराळं घडतंय. वळणातून बाहेर पडताना बाकीच्या गाड्या क्षणभर जड व्हायच्या, याची गाडी मात्र सुटलेल्या वासरासारखी पळायची. नववीची सातवी झाली, सातवीची पाचवी. मेहुणा भित्रा खरा, पण त्याला इतक्या पुढे राहायची सवय नव्हती, त्यामुळे कुठे ब्रेक मारायचा तेच त्याला सुचेना आणि तो न मारताच जात राहिला. शेवटच्या फेरीला तो तिसरा होता. पुढे एक तांबडी गाडी आणि एक पिवळी, दोघी वर्षानुवर्षांच्या वैरिणी. शेवटच्या वळणावर त्या एकमेकींना अशा भिडल्या की दोघीही तोंड फिरवून आलेल्या दिशेला बघत उभ्या राहिल्या. मधून चिखलानं माखलेला मेहुणा निघाला आणि रेषा ओलांडून गेला.

कोणी ओरडलं नाही. कोणाला ओळखच पटली नाही. कर्ण्यावरून निवेदक म्हणाला, "पहिला क्रमांक..." आणि थांबला. कागदांची सळसळ ऐकू आली. "एक मिनिट हं."

ग्रॅमभाऊनं कठडा घट्ट धरला. डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायचंही भान राहिलं नाही. जिंकलो, जिंकलो, असं तो स्वतःशीच पुटपुटत होता. इतक्यात त्याला दिसलं की झेंडेवाला गाडीजवळ गेलाय, त्यानं खिडकीतून मेहुण्याच्या हातात झेंडा दिलाय आणि तो हातानं गोल खूण करतोय. फेरी मार. मानाची फेरी.

मानाची फेरी! ग्रॅमभाऊनं ती दर वर्षी पाहिली होती, पण दुसऱ्याच्या घरचं लग्न पाहावं तशी, लांबून, गाडी ट्रेलरवर चढवता चढवता. जिंकणाऱ्याला एक फेरी जास्त मारावी लागते, हे त्याच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं. येणार कुठून? हिशेब करणारा कधी जिंकलाच नव्हता ना.

"नको! नको! उतर खाली!" तो कठड्यावरून उडी मारून धावला.

मेहुण्यानं त्याला पाहिलं. भावोजी दोन्ही हात हलवत, रडत, आनंदानं धावत येतायत असं वाटून त्यालाही भरून आलं. त्यानं आयुष्यात प्रथमच झेंडा हलवला आणि गाडी सोडली.

ट्रॅकच्या पलीकडच्या टोकापर्यंत सगळं ठीक चाललं. मग भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज झाला आणि गिअरबॉक्सनं राम म्हटला. ग्रॅमभाऊचा हिशेब तंतोतंत बरोबर निघाला होता. गाडी उताराच्या तोंडाशी येऊन थांबली. इंजिन सुरू होतं, चाकांना त्याचा पत्ता नव्हता.

तिथे ट्रॅकचे तपासनीस छत्री घेऊन हजर झाले. नियमानं चालणारे, उदास चेहऱ्याचे गृहस्थ.

"गाडी काट्यावर आणा," ते म्हणाले.

"कसला काटा?" मेहुण्यानं विचारलं.

"वजनाचा. पहिल्या गाडीचं वजन झाल्याशिवाय निकाल लागत नाही. तुम्हाला माहीत नाही?"

"आमच्यावर कधी वेळ आली नाही हो," धापा टाकत पोचलेला ग्रॅमभाऊ म्हणाला.

"गाडी ओढायची नाही, ढकलायची नाही. कोणी हात लावला तर निकाल रद्द. काटा तो तिथे, उताराच्या खाली."

ग्रॅमभाऊनं उताराकडे पाहिलं. उतार कसला, नावालाच होता. त्यावरून चेंडूसुद्धा विचार करून घरंगळला असता. पण त्यानं आठवडाभर काढलं काय होतं? ओढच काढली होती ना?

"ब्रेक सोड," तो मेहुण्याला म्हणाला.

"भावोजी, इंजिन जोडलेलंच नाही..."

"तू ब्रेक सोड रे बाबा!"

मेहुण्यानं ब्रेक सोडला. काहीच झालं नाही. मग गाडी हलली, इतकी हळू की तपासनिसांनी चष्मा पुसून पाहिलं. ती निघाली. तपासनीस एका बाजूनं चालत, ग्रॅमभाऊ दुसऱ्या बाजूनं हात पाठीमागे घट्ट बांधून चालत, कारण चुकून लागला तर? मागे बघ्यांची रांग लागली. पावसाची बारीक बुरबुर सुरू झाली. एखाद्याला शेवटचं पोचवायला निघावं तसे सगळे त्या गाडीबरोबर निघाले होते.

"हे नियमात बसतं का?" मागून तांबड्या गाडीचा मालक ओरडला.

"नियमात ओढू नये आणि ढकलू नये एवढंच आहे," तपासनीस म्हणाले. "घरंगळू नये असं नाही. मलाही वाईट वाटतंय, पण नाही."

काट्याच्या अलीकडे वीतभर अंतरावर गाडी थांबली.

वीतभर! एक रबर राहिलं होतं का कुठे? एखादा थेंब तेल जास्त? ग्रॅमभाऊ मनातल्या मनात सगळा गिअरबॉक्स पुन्हा उघडत होता, तेवढ्यात आतून मेहुण्यानं मोठा सुस्कारा सोडला आणि निराशेनं अंग सीटवर मागे टाकलं. गाडी किंचित हलली.

"परत कर!" ग्रॅमभाऊ किंचाळला.

"काय परत करू?"

"पुढे-मागे हो! झोके घे! जोरात!"

मेहुण्यानं डोळे मिटून अंग पुढे-मागे फेकायला सुरुवात केली. प्रत्येक झोक्याला गाडी बोटभर सरकायची. ज्या देहाला ग्रॅमभाऊनं वर्षानुवर्षं नावं ठेवली, तो देह आता त्याच्या संसाराचा आधार झाला होता. शेवटच्या झोक्याला पुढची चाकं काट्याच्या कडेवर चढली, मग मागची आली, आणि काट्याची सुई थरथरून थांबली.

"बरोबर आहे," तपासनीस वाकून म्हणाले. "किमान वजनापेक्षा पाव किलो जास्तच."

"पाव किलो?" ग्रॅमभाऊचा चेहरा पडला. "म्हणजे अजून काढता आलं असतं."

पण निकाल लागला होता. मेहुण्यानं तिथूनच आपल्या बायकोला फोन लावून बातमी दिली. कप मिळाला. त्यावर नाव कोरायचं राहिलं होतं, कारण तांबड्या गाडीचं नाव आधीच कोरून ठेवलेलं होतं. ते आता खरवडून देऊ म्हणाले. ग्रॅमभाऊ म्हणाला, खरवडायचं मी करतो, माझ्या हातचं काम आहे.

घरी येताना जीप मेहुणा चालवत होता, मागे ट्रेलरवर मेलेला गिअरबॉक्स पोटात घेऊन गाडी, आणि ग्रॅमभाऊच्या मांडीवर कप. तो अखंड बोलत होता. पुढच्या हंगामात काय काय करायचं, कोणता शाफ्ट पोकळ करायचा, मानाच्या फेरीसाठी तेल किती ठेवायचं. "आता एक फेरी जास्त धरायची," तो म्हणाला, आणि आपल्याच शब्दांवर खूश होऊन हसला. मेहुणासुद्धा हसला. त्याला असं हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

गॅरेजचं दार उघडं होतं. आत दिवा होता.

ग्रॅमभाऊ कप घेऊन उतरला आणि उंबऱ्याशीच थबकला. गॅरेजच्या बरोबर मधोमध, जिथे गाडी उभी राहायची तिथे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सिमेंटचा लांबलचक ओटा उभा होता. ओला, नुकताच टाकलेला. भिंतीवर खडूनं रेघा: इथे भट्टी, इथे ट्रे, इथे पीठ फुगायला. शेजारी पालथ्या पाटीवर बायको बसली होती. त्याला पाहताच ती चोरी पकडल्यासारखी उठली.

"गवंडी उद्या येणार होता," ती घाईघाईनं म्हणाली, "पण त्याला उद्या दुसरं काम लागलं. म्हणाला, आजच टाकून देतो. मी म्हटलं..."

तिनं वाक्य सोडून दिलं. ते ग्रॅमभाऊनं मनात पुरं केलं. मी म्हटलं, हे काय जिंकून येणार आहेत! एवढ्या वर्षांत हिनं एक दिवसही थांबू नये? जिंकण्याची जराही शक्यता धरू नये? आणि रागाचा पहिला शब्द ओठावर आला तसाच तो गिळावा लागला. कारण त्यानं स्वतः तरी कुठे धरली होती? वीस फेऱ्यांचा गिअरबॉक्स कोणी बनवला होता?

तो ओट्याकडे बघत राहिला. उंची तिच्या कमरेच्या बेतानं घेतली होती, वाकावं लागू नये अशी. तिला वळायला, उभं राहायला, टेकायला जागा होती. अशा जागेत ती कशी दिसेल, हे त्यानं कधी मनात आणलंच नव्हतं. आता आलं. कप त्यानं हळूच पाठीमागे, मेहुण्याच्या पोटाशी सरकवला.

"कितवे आलात?" तिनं विचारलं.

"सातवे," ग्रॅमभाऊ म्हणाला.

"सातवे?" मेहुणा उडालाच. "अहो भावोजी, आपण तर..."

"तू गप्प बस रे," बायको भावावर खेकसली.

ग्रॅमभाऊला जरा नवल वाटलं. ही त्याला का गप्प करतेय? मग त्याचं लक्ष ओट्याच्या पलीकडच्या कोपऱ्याकडे गेलं. तेवढा कोपरा फुटलेला होता. ओल्या सिमेंटची ढेपळं खाली पडली होती, भिंतीला फावडं टेकवलं होतं आणि बायकोच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत सिमेंट लागलं होतं.

"हे काय झालं?"

"मांजर," ती म्हणाली.

"फावडं घेऊन आलं होतं?"

तिनं थापी उचलली, खाली पडलेलं सिमेंट गोळा करून कोपऱ्यावर थापलं आणि ती तो गुळगुळीत करू लागली. ग्रॅमभाऊ शेजारी बसला. फळकूट घेऊन त्यानं दुसऱ्या बाजूनं कड धरली. दारात मेहुणा कप पोटाशी धरून उभा होता आणि एकदा बहिणीकडे, एकदा भावोजींकडे बघत होता.

"सातवे, म्हणजे मग ठरल्याप्रमाणेच," ती मान वर न करता म्हणाली.

"ठरल्याप्रमाणे. गाडी बाहेरच राहू दे आता. गिऱ्हाईक बघतो उद्यापासून."

"बघा," ती म्हणाली. कड नीट झाली होती, तरी ती त्यावरून थापी फिरवतच होती. "मात्र गिऱ्हाइकाला खरा नंबर सांगा. वहिनीचा फोन दुपारीच आला होता."